आठ महिने उबदार समुद्रात: पाच मीटरच्या प्लॅस्टिक सी कयाकचा वापरानंतरचा अनुभव

सी कयाक ही मुळात बर्फाळ समुद्राची बोट. ग्रीनलंडपासून अल्यूशियन बेटांपर्यंतच्या शिकाऱ्यांनी लाकडी सांगाड्यावर सीलचं किंवा सी लायनचं कातडं ताणून ती घडवली. अरुंद कॉकपिट (बसायची खोबण), कमरेला चढवून त्याच्या कडेला घट्ट बसणारा स्कर्ट, वरून पूर्ण बंद डेक, हा सगळा खटाटोप गार पाणी अंगापासून लांब ठेवण्यासाठी. आजच्या कारखान्यांतल्या बोटींचा आराखडाही तोच आहे. हीच बोट २६ ते ३० अंशांच्या पाण्यात आणि डोक्यावरच्या उन्हात आठवड्यामागून आठवडे वापरली की तिच्या कुरबुरी वेगळ्याच निघतात. नव्या बोटीच्या परीक्षणांत त्या सापडत नाहीत, कारण त्यांना सुरुवातच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते.

बोट अशी: रोटोमोल्डेड (फिरत्या साच्यात घडवलेलं) पॉलिइथिलीन प्लॅस्टिक, लांबी ५.१ मीटर, रुंदी ५७ सेंटीमीटर, रिकामं वजन २८ किलो. तीन बल्कहेड (आतले कप्पे वेगळे करणारे आडवे पडदे), तीन हॅच (त्या कप्प्यांची डेकवरची झाकणाची तोंडं: पुढचा, मागचा आणि आसनामागचा छोटा डे हॅच), केबलवर चालणारा स्केग (मागच्या भागात तळातून पाण्यात उतरवायचं पातं). वल्हं २१५ सेंटीमीटरचं, दोन तुकड्यांचं. वापर आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येकी १० ते २५ किलोमीटर, मधूनमधून तीन-चार दिवसांच्या मुक्कामी सफरी. पाणी सगळ्या प्रकारचं: उघड्या पुळणी, कांदळवनातल्या खाड्या, उथळ प्रवाळ.

प्लॅस्टिक की फायबर, या प्रश्नाचं उत्तर उबदार किनाऱ्यावर तरी सोपं वाटतं. फायबरची बोट दोन-चार किलोंनी हलकी, पाण्यात थोडी चपळ. पण कांदळवनाच्या मुळांवर कालवं असतात आणि त्यांची कड सुरीसारखी असते. प्रवाळावर एकदा बसली की फायबरच्या वरच्या थराचे टवके निघतात. प्लॅस्टिकवर फक्त ओरखडे पडतात. आठ महिन्यांत तळाला मोजता येणार नाहीत इतके ओरखडे आले, त्यांतला सर्वांत खोल जेमतेम एक मिलिमीटरचा. वेगात जाणवण्यासारखा फरक नाही. भरल्या सामानासह सपाट पाण्यात ती आजही तासाला साडेपाच किलोमीटर, म्हणजे साधारण तीन नॉट, दमवणूक न करता देते.

उष्णतेचं दुखणं

सर्वांत मोठा त्रास बंद कप्प्यांतल्या हवेने दिला. बोट पुळणीवर उन्हात तासभर राहिली की हॅचमधली हवा सहज ६० अंशांपर्यंत तापते. रबरी झाकण फुगून घुमटासारखं वर येतं. मग बोट २८ अंशांच्या पाण्यात ढकलली की तीच हवा काही मिनिटांत आकसते. हिशोब केला तर ३३३ केल्विनवरून ३०१ केल्विनवर, म्हणजे दाब जवळजवळ १० टक्क्यांनी उतरतो. बल्कहेडचं क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटीमीटर धरलं आणि कप्पा अगदी हवाबंद असला, तर त्या पडद्यावर ८० किलोंच्या आसपास ओढ पडते. प्लॅस्टिक बोटींत हा पडदा बहुतेक वेळा फोमचा असतो आणि सीलंटने चिकटवलेला असतो. ही ओढाताण रोज झाली की सांधा सुटणारच. चौथ्या महिन्यात मागच्या कप्प्यात प्रत्येक फेरीनंतर अर्धा-पाऊण लिटर पाणी साचू लागलं. सगळा संशय झाकणावर होता. दोष निघाला बल्कहेडच्या खालच्या कडेला.

गळती कुठून आहे हे शोधायची खात्रीची रीत अशी. बोट जमिनीवर कोरडी करायची, एका कप्प्यात तीन लिटर पाणी ओतायचं आणि बोट दोन्ही बाजूंना व टोकांकडे कलती करून दहा-दहा मिनिटं ठेवायची. शेजारच्या कप्प्यात ओल दिसली तर बल्कहेड, बाहेर दिसली तर स्केगची पेटी किंवा डेकवरचा एखादा स्क्रू. नुसतं समुद्रात नेऊन पाहिलं तर काहीच कळत नाही.

दुरुस्ती करताना जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढावं लागतं. त्यावर नवा थर दिला तर तो आठवडाभरही टिकत नाही. पॉलिइथिलीनला जात्याच काही चिकटत नाही, म्हणून कडेचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासायचा, अल्कोहोलने पुसायचा, ते पूर्ण उडून गेल्यावर छोट्या गॅस टॉर्चची ज्योत पटकन फिरवायची. प्लॅस्टिक वितळता कामा नये, पृष्ठभाग फक्त बदलायला हवा. थेंबभर पाणी टाकल्यावर ते गोळा न होता पसरलं की जागा तयार. मग समुद्री वापराचं पॉलियुरेथेन सीलंट, हाताचं बोट ओलं करून गोलाई दिलेलं, आणि सुकायला पूर्ण चार दिवस. सिलिकॉन मात्र वापरू नये. ते सुटून येतं आणि नंतर तिथे दुसरंही काही बसत नाही.

पण खरा इलाज त्याच्याही आधीचा आहे. प्रत्येक बल्कहेडच्या वरच्या भागात दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. हवा ये-जा करते, दाब साठत नाही. बोट उलटली तरी त्या भोकातून थेंबथेंबच पाणी येतं. चांगल्या बोटींत हे भोक कारखान्यातूनच येतं. इथे ते नव्हतं आणि हीच या बोटीवरची पहिली तक्रार. भोक पाडल्यापासूनच्या चार महिन्यांत सांधा कोरडा आहे.

प्लॅस्टिक मऊ पडणं हे दुसरं. गाडीच्या छतावर पट्टा करकचून आवळला आणि दुपारभर उन्हात प्रवास झाला की तळाला आडव्या दांड्यांच्या जागी खळगे पडतात. तळ सपाट किंवा खोलगट झाला की बोट सरळ जात नाही आणि लाटेवर थाडथाड आपटते. पट्टा हाताने ओढून बसेल इतकाच घट्ट हवा आणि शक्य तर बल्कहेडच्या जागेवर, कारण तिथे आतून आधार असतो. पडलेला खळगा बहुधा परत येतो: तळ वर करून बोट उन्हात ठेवायची, तापली की आतून तळहाताने सावकाश दाबायचं, आणि दाबून धरूनच गार पाणी ओतायचं. घरी ठेवताना बोट कुशीवर, सावलीत. तळावर ठेवली तर स्वतःच्या वजनानेच महिन्या-दोन महिन्यांत आकार बिघडतो.

हॅचची रबरी झाकणं सहाव्या महिन्यात कडेला चिकट होऊ लागली, मग तिथे बारीक तडे दिसू लागले. ऊन हेच कारण. पेट्रोलियमचं तेल किंवा जेली लावणं ही नेहमीची चूक, त्याने रबर फुगून सैल होतं. सिलिकॉन आधारित रबर-रक्षक महिन्यातून एकदा लावावं आणि बोट उभी असताना झाकणांवर ओलं फडकं टाकावं, इतकं पुरतं. झाकणाला दोरी बांधलेली नसेल तर आजच बांधा. झाकण हरवलेला हॅच म्हणजे दीडशे लिटरचं उघडं भांडं.

वाळू आणि मीठ

स्केगबद्दल मत मिश्र आहे. त्याची गरज निर्विवाद आहे. बोट चालू असताना नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग पुढच्या पाण्याच्या दाबात रोवलेला असतो आणि मागचं टोक मोकळं असतं, त्यामुळे आडवा वारा मागचं टोक ढकलतो आणि बोट वाऱ्याकडे तोंड वळवते. स्केग थोडा उतरवला की मागच्या टोकाला पाण्याची पकड मिळते. समोरून वारा असेल तर स्केग वर, आडव्या वाऱ्यात अर्धा, मागून वारा असेल तर पूर्ण खाली. अर्ध्यावरचं माप वाऱ्याप्रमाणे बदलतं, ते स्केग वर-खाली करणाऱ्या सरकपट्टीवर रंगाच्या खुणा करून ठेवलं की शोधत बसावं लागत नाही.

पण भरड वाळू आणि प्रवाळाचे बारीक तुकडे स्केगच्या पेटीत शिरतात आणि पातं अडकतं. आत बसलेला माणूस सरकपट्टी जोरात ढकलतो, पातं हलत नाही, आणि पोलादी केबल वाकते. एकदा मोडलेली केबल सरळ होत नाही. या बोटीत ती पाचव्या महिन्यात बदलावी लागली. उपाय साधा: पात्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक आणि त्यात बोटभर दोरीचा फास. अडकलं तर पाण्यात आल्यावर सोबत्याने फास ओढायचा. सरकपट्टीवर जोर करायचाच नाही. दोरी आणि बंजीवर (रबरी ताणदोरीवर) चालणारा स्केग मिळत असेल तर वाळूच्या किनाऱ्यासाठी तोच घ्यावा, त्यात वाकण्यासारखं काहीच नसतं.

मीठ सगळीकडे घुसतं, पण त्रास ठरावीक जागीच देतं. पाय टेकवायच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या आणि त्यांचे स्क्रू स्टेनलेसचे असले की खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संगतीने अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी जमते आणि पेडल जागचं हलत नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसायला स्वस्त वाटतात, पण इथे त्याच चांगल्या. वल्ह्याचा सांधा ही दुसरी जागा. खारं पाणी सुकलं की आत स्फटिक होतात आणि दोन तुकडे एकमेकांत रुततात. फेरी संपली की वल्हं लगेच सोडवायचं, सांधा गोड्या पाण्याने धुवायचा. ग्रीस लावायचं नाही, त्याला वाळू चिकटते आणि तो कानशीसारखा घासतो. गोडं पाणी कमी असेल तर तीन-चार लिटरांत काम भागतं: आधी वल्ह्याचा सांधा, मग स्केगची पेटी, पेडलं, हॅचच्या कडा, शेवटी लाइफ जॅकेटची झिप. बाकी बोट खारट राहिली तरी बिघडत नाही.

डेकवरच्या बंजी आठ महिन्यांत निम्म्या ढिल्या झाल्या आहेत. आता पाच मिलिमीटरची नवी घातली. कडेने फिरणारी दोरी अजून ठीक आहे, पण ती ताठ असायला हवी. पाण्यात पडल्यावर हाताला तीच सापडते.

स्कर्ट, आसन, अंग

बोटीबरोबर आलेला जाड निओप्रीनचा (फोमसारख्या रबराचा) स्कर्ट तासाभरात असह्य होतो. आत मांड्या शिजल्यासारख्या होतात. पूर्ण नायलॉनचा स्कर्ट हवेशीर, पण डेकवर पाणी साठून ते झिरपत राहतं. डेकपुरतं निओप्रीन आणि कमरेला नायलॉनची नळी, खांद्यावर पट्टे, ही जोडणी सर्वांत बरी ठरली. शांत पाण्यात स्कर्ट न लावता जाणारे पुष्कळ आहेत. तसं जायचं तरी तो कमरेला चढवलेला असावा, म्हणजे वारा उठला की कडेला बसवायला दहा सेकंद पुरतात. पुढची कड बसवताना स्कर्ट सोडवायला ओढायचा फास बाहेर राहिला आहे ना, हे दर वेळी हाताने चाचपायचं.

आसनात पाणी साचलं की मीठ आणि घर्षण यांनी तिसऱ्या तासाला चामडी सोलवटते. गुळगुळीत, शिवण नसलेली घट्ट पँट आणि आसनाच्या खोलगट भागात स्पंज, हे दोन्ही लागतात. हाताला फोड येतात ते बहुधा वल्हं घट्ट धरल्याने. ओली, भिजून मऊ झालेली कातडी लवकर फाटते. सनक्रीम तळव्याला लागलं की पकड सुटते आणि माणूस आणखी घट्ट धरतो. क्रीम उलट्या हाताने लावावं. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनक्रीमवर बंदी घातली आहे. प्रवाळावर फिरणाऱ्यांनी बंदी नसली तरी झिंक ऑक्साइडचंच वापरावं, आणि जमेल तितकं अंग कापडाने झाकून क्रीमची गरजच कमी करावी. ऊन फक्त वरून येत नाही: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजतं ते त्यामुळे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न पाहता. मुक्कामी सफरीत माणशी दिवसाला पाच लिटर धरलं तर स्वयंपाकासकट पुरतं. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घाम जातच राहिला तर डोकं दुखू लागतं, मळमळतं. क्षारांची पुडी पुडक्यावर लिहिलेल्या मापातच मिसळावी. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरात घालणं हे शहाणपण नव्हे. पाण्याच्या पिशव्या कॉकपिटच्या लगत, तळाशी: वजन खाली आणि मधोमध राहतं. औषधंही तळाला टेकवून ठेवावीत. डेकखालची हवा तापलेली असली तरी पाण्याखालचा तळ समुद्राच्या तापमानाला असतो, त्यामुळे तोच या बोटीतला सर्वांत थंड कोपरा. डबाबंद अन्न मात्र पुढच्या हॅचमध्ये होकायंत्राच्या खाली ठेवू नका. पत्र्याच्या चार-पाच डब्यांनी काटा चांगलाच फिरतो. कांदळवनाजवळ मुक्काम असेल तर डीट असलेलं डासांचं औषध लावलेला हात होकायंत्राच्या काचेला किंवा गॉगलला लागू देऊ नका. काही प्लॅस्टिक त्याने विरघळतं.

वेळ आणि पाणी

अशा किनाऱ्यांवर दिवसाचं वेळापत्रक वारा ठरवतो. जमीन तापली की साधारण अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तो १५ नॉटपर्यंत जाणं नेहमीचंच. समोरून १५ नॉट असले की या बोटीचा वेग निम्म्यावर येतो. म्हणून पहाटे निघून साडेदहा-अकराला किनाऱ्याला लागणं सोयीचं. पण पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं आणि अर्धा किलोमीटर आत गेल्यावर त्याचा जोर कळतो. तोवर बोट आपसूक बाहेर सरकलेली असते. ही शांतता फसवी असते, तिच्यावर विसंबून लांबचं बेट गाठायला निघू नये.

उथळ प्रवाळात पहाटेचा दुसरा तोटा म्हणजे तिरपं ऊन. पाण्यात काहीच दिसत नाही. सूर्य वर आणि पाठीमागे असताना, पोलराइज्ड चष्म्यातून रंग नीट वाचता येतात: गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे मध्यम, फिकट पांढुरकं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे अगदी वरपर्यंत आलेलं प्रवाळ. त्यामुळे अशा भागात पहाटे मोकळ्या पाण्यातून जायचं आणि आत शिरायचं ते नऊनंतर.

भरती-ओहोटीचा फरक जागेप्रमाणे प्रचंड बदलतो. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी तो अर्धा मीटरही नसतो, ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली किनाऱ्यावर उधाणाला १० मीटरच्या वर जातो. दिवसात दोन भरत्या येतात तिथे बाराव्या भागाचा नियम कामाचा आहे: सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग चढतं किंवा उतरतं. प्रवाहाचा जोर मधल्या दोन तासांत असतो. तीन नॉटने वल्हवताना आडवा प्रवाह दीड नॉटचा असेल तर नाळ ३० अंश प्रवाहाकडे वळवून ठेवावी लागते, तरच बोट सरळ समोर जाते. कांदळवनातल्या खाडीत चढत्या भरतीबरोबर शिरावं आणि भरती पूर्ण होताच निघावं. ओहोटीत अडकलं तर चिखलातून २८ किलोंची बोट आणि सामान ओढणं अशक्यच असतं. सहा तास बसून राहणं एवढंच हाती उरतं.

आसनावरून डोळा पाण्यापासून जेमतेम ९० सेंटीमीटरवर असतो, म्हणून क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटरवर. दोन मीटर उंचीचं सखल बेट आठ किलोमीटरच्या पलीकडे दिसतच नाही. हातातल्या व्हीएचएफ रेडिओची पोहोचही याच कारणाने तोकडी: एका कयाकमधून दुसऱ्या कयाकला थोडेच किलोमीटर, उंच अँटेना असलेल्या स्थानकाला बरंच जास्त. मदतीसाठी चॅनेल १६.

पाणी उबदार असल्याने लोक सुटकेचा सराव टाळतात आणि लाइफ जॅकेट डेकवर बांधून ठेवतात. दोन्ही गंभीर चुका आहेत. थंडीचा धक्का बसत नाही हे खरं, पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता नेतं, आणि २७ अंशांतही दोन-तीन तासांनी हुडहुडी भरते. शिवाय वाऱ्यात रिकामी बोट पोहणाऱ्यापेक्षा वेगाने वाहते. या बोटीत पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या टोकाला बसवायचा तरंगता फुगा) लावून परत चढायला सरावानंतर दोन-तीन मिनिटं लागतात. नंतर कॉकपिटमधलं शंभर-दीडशे लिटर पाणी हातपंपाने काढायला पाच-सहा मिनिटं, तीही लाटा आत येत नसतील तर. आसनामागे भरलेल्या पिशव्या कोंबून ठेवल्या की आत पाणी कमी मावतं. हा फुकटचा फायदा आहे, जरूर घ्या.

उतरताना जाड तळाचे बूट हवेतच. सी अर्चिनचे काटे आणि स्टोनफिश, दोन्ही उथळ पाण्यातच असतात. स्टोनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बॉक्स जेलीफिशवर व्हिनेगर किमान ३० सेकंद. निळ्या फुग्याच्या ब्लूबॉटलवर मात्र व्हिनेगर नको: समुद्राच्या पाण्याने तंतू काढायचे, मग गरम पाणी. प्रवाळाने झालेली जखम छोटी दिसली तरी स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने घासून धुवायची, आत राहिलेला कण हटकून पिकतो.

सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर उघड्यावर बसायची) बोट घ्यावी का, हा प्रश्न या सगळ्यानंतर येतोच. खाडीत दोन-तीन तास, मधूनच पाण्यात उड्या, सोबत नवशिके, असं असेल तर होय. उलटली तर तिच्यावर चढणं सोपं, पंपाची गरज नाही, पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. पण पाय दिवसभर उन्हात राहतात, आसन उंच असल्याने वारा जास्त लागतो, आणि त्याच लांबीत ती रुंद व जड असते. दिवसाला १५ किलोमीटरच्या पुढे आणि मुक्काम करत जायचं असेल तर बंद डेकचीच बोट, वर सांगितलेले बदल करून.

दुरुस्तीच्या पिशवीत आता इतकंच असतं: पाच मीटर बंजी, तीन मीटर दोरी, स्केगची जादा केबल, चार स्क्रू, पाना, आणि १० सेंटीमीटर रुंदीची ब्युटाइल (चिकट रबराची) पट्टी. तळाला चीर गेली तर जागा गोड्या पाण्याने पुसून, पूर्ण सुकवून, उन्हात हाताला चटका बसेल इतकी तापू द्यायची आणि मगच पट्टी अंगठ्याने रगडून बसवायची. थंड प्लॅस्टिकवर ती तासाभरात सुटते, तापलेल्यावर सफर संपेपर्यंत राहते.